गोणपाटाखालचा पत्रा

किन्हवलीच्या नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, धाऊची गाडी कुठली, तर माणूस आधी हसेल आणि मग बोट दाखवील. हसू येतं ते रंगाला. ती जुनी व्हॅन कारखान्यातून निघाली तेव्हा पांढरी होती म्हणे. धाऊकडे आल्यापासून तिला दर दसऱ्याला नवा रंग मिळतो, आणि तो रंग म्हणजे घराच्या दारा-खिडक्यांना लावून डब्याच्या तळाशी उरलेला ऑइल पेंट. एका वर्षी आकाशी, एका वर्षी पोपटी, मधे एकदा तर देवघरासाठी आणलेला शेंदरी. ब्रशाचे फराटे रस्त्याच्या पलीकडून दिसतात. धाऊला विचाराल तर अशी गाडी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नाही. ते खरंच आहे म्हणा!

पण हसून झालं की तोच माणूस हळूच म्हणेल, "आमच्या सुनेला त्याच गाडीनं नेली होती." आसपासच्या गावांतली आणि वरच्या पाड्यांतली किती पोरं आईच्या पोटात बसून त्या व्हॅनमधून शहापूरच्या दवाखान्यात गेली आणि आईच्या मांडीवर बसून परत आली, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. वरच्या पाड्यावरच्या बाईजाचा भाविक तर दवाखान्यापर्यंत दम धरायलाही तयार नव्हता. तो गाडीतच जन्मला. तेव्हापासून बाईजा धाऊला भाऊ मानते आणि भाविक मामा म्हणतो. आता तो भाविकही बाप्या झाला, मिशी फुटली, किन्हवली-शहापूर मार्गावर स्वतःची नवी गाडी चालवतो.

धाऊ तसा फटकळ माणूस. साठी उलटली, अंगावर मांस नाही, पण जीभ कशी तरतरीत. गाडीत पान खाल्लेलं त्याला चालत नाही, दार आपटलेलं चालत नाही. बाळंतीण बसली की मात्र हाच माणूस लोण्याहून मऊ होतो. खड्ड्याला खड्डा चुकवत नेईल, आणि मागे तिच्या पायाखाली गोणपाट घालील. बाळंतिणीच्या पायाला गार पत्रा लागता कामा नये, हा त्याचा कायदा. म्हणून रबराच्या मॅटखाली गोणपाटाची दुहेरी घडी कायमची अंथरलेली. पावसाळा असो, उन्हाळा असो, ती हलत नसे.

दुसरा कायदा हौसाचा, म्हणजे धाऊच्या बायकोचा. गाडीतून बाळंतीण येवो की मयत जावो, गाडी परत दारात आली की हौसा गोमूत्राची बाटली घेऊन हजर. आतून बाहेरून शिंपडणार, मग वर बादलीभर पाणी ओतणार. "इटाळ धुतला," म्हणणार आणि कामाला लागणार. एवढ्या वर्षांत तिचा एक दिवस चुकला नाही. दोघांनी मिळून ती गाडी अशी जपली, जशी लोकांनी पोटची पोर जपावी.

आणि एक तिसरी गोष्ट होती, ती धाऊ कुणाला सांगत नसे. शहापूरच्या रस्त्याला चिंचेच्या वळणावर ओढ्यावरची एक मोरी आहे. तिथं आला की तो एकदाच हॉर्न वाजवायचा. समोर कुणी असो नसो.

त्या मोरीवर त्यांचं पहिलं बाळ गेलं होतं. लेक पूजा झाली त्याच्या आधीचं, मुलगा होता. तेव्हा गावात गाडी नव्हती, एस.टी. निघून गेली होती. चुलतभावाची बैलगाडी मागून आणली, तीत हौसाला निजवली. गाडी दिसायला काय देखणी! म्हशाच्या जत्रेसाठी नुकतीच रंगवलेली, चाकांवर वेलबुट्टी काढलेली. मोरीवर चाक खड्ड्यात गेलं आणि आख कडकन मोडला. आखाला जुनी चीर होती, ती रंगाखाली झाकली गेली होती. कुणालाच ठाऊक नव्हती, चुलतभावालासुद्धा. दुसरी गाडी येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. धाऊनं पुढं व्हॅन घेतली ती त्या एका दुःखापोटी. त्यानं ते तोंडानं कधी सांगितलं नाही, पण न सांगता कळण्यासारखं होतं.

तर आता यंदाची गोष्ट. पूजाला दिवस गेलेले. जावई आदेश कल्याणला नोकरी करतो, त्याचं म्हणणं, कल्याणात मोठे दवाखाने असताना किन्हवलीला कशाला जायचं? पण पूजा पडली बापाच्या वळणाची. "पैलं बाळंतपण माहेरी. आणि मी बाबाच्या गाडीतून जाणार. गावातल्या सगळ्या गेल्या, मीच एकटी राह्यलेय," असं म्हणून ती दिवाळीला आली ती राहिलीच. धाऊच्या अंगात वारं शिरलं. म्हणाला, पोरीसाठी यंदा गाडीला डब्यातला रंग पुरायचा नाही, मशीनचा रंग मारायचा. आणि गाडी घेऊन गेला मुरबाडला, साईनाथकडे.

कल्याण रस्त्याला साईनाथची पत्र्याची शेड आहे, डेंटिंग-पेंटिंगची. साईनाथ बोलायला कमी, कामाला पक्का. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकाच्या वर आलेल्या फुग्यापाशी थांबला.

"तो दरवर्षी येतो रे," धाऊ म्हणाला. "मी दरवर्षी घासतो आणि वरून रंग मारतो. बसतो परत."

साईनाथनं फुग्यावर अंगठा दाबला. रंगाची खपली मोडली आणि आतून तांबडा भुगा ओघळला. मग तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत ठोकत वरून खाली आला. वर टणटण वाजत होतं, खाली येता येता भदभद वाजायला लागलं. तिथं त्यानं टोक लावलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

"अरे ए! हळू की मेल्या!" धाऊ ओरडला.

"दादा, मी जोर लावलाच नाय," साईनाथ म्हणाला.

त्यानं मागची मॅट उचलली. खाली गोणपाट. भातं कापून झाली होती, शेतं सुकून कोरडी ठणठणीत पडली होती, पण ते गोणपाट पिळलं असतं तर अजून पाणी निघालं असतं. साईनाथनं त्याची एक कड नाकाशी नेऊन हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "याला गोमूत्र कोण पाजतं?"

साईनाथनं गोणपाट ओढलं, तसा त्याला चिकटून तळाचा पत्राही निघून आला, पापडासारखा. भोकातून खालची जमीन दिसली. शेजारच्या घरातली एक कोंबडी गाडीखालून टुकूटुकू चालली होती, तिनं मान वर करून धाऊकडे बघितलं आणि पुढे गेली. मागची सीट ज्या बोल्टांवर बसते, त्यातले दोन तर पत्र्याला नाही, रंगाच्या थरांना धरून उभे होते.

दसऱ्याच्या आसपास गावातल्या बुधूच्या सुनेला धाऊनं याच सीटवर बसवून नेलं होतं. ती कळा देत होती आणि दोन्ही पाय खाली रोवून बसली होती. त्या पायांखाली काय होतं, ते आत्ता त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

"दोन रस्ते हायत," साईनाथ म्हणाला. "वरून पत्रा चिकटवतो, लांबी लावून खाचा बुजवतो, गुळगुळीत करून रंग मारतो. परवा घेऊन जा. गाडी अशी चमकेल की कुणाच्या बापाला कळणार नाय. नायतर सडलेलं सगळं कापायचं आणि नवा पत्रा वेल्डिंग करून बसवायचा. पण कापल्यावर आत किती निघेल, ते आज सांगता येत नाय. दोन आठवडे तरी धरा."

दोन आठवडे! डॉक्टरीणबाईंनी पूजाची तारीख त्याच सुमाराची सांगितली होती. गाडी इथं शेडमध्ये पोट फाडून पडायची आणि पोर तिकडं घरी कळा देत बसायची. एवढी वर्षं ज्या एका दिवसासाठी गाडी दारात उभी ठेवली, तो दिवस आला आणि गाडीच नाही?

"चिकटव," धाऊ म्हणाला. "पूजाला नेऊन आणतो, मग काय कापायचं ते काप."

साईनाथ मान हलवून रंगाचे डबे बघायला आत गेला. मागची सीट त्यानं काढून शेडबाहेर ठेवली होती, तिच्यावर धाऊ बसला. टपरीवाल्यानं चहा आणून दिला तो तसाच हातात राहिला. समोर शेडमध्ये कुणाची तरी गाडी नुकतीच रंगवून उभी होती, लालचुटुक, तोंड दिसावं अशी. धाऊ तिच्याकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याला ती जत्रेची बैलगाडी आठवली. तिचीही चाकं अशीच लाल होती. हौसाला तीत चढवताना तो स्वतः म्हणाला होता, "बघ गो, राणीसारखी गाडी आणलेय तुला."

तो तटकन उठला. चहा सांडला.

"साईनाथ! अरे साईनाथ! काप ती. सगळी काप. जिथवर सडलेय तिथवर काप, मला विचारत बसू नको."

"आणि पूजाचं?"

"पूजाचं मी बघतो." म्हणाला खरा, पण बघणार काय होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

एस.टी.तून उतरून तो घरी चालत आला, तेव्हा हौसा खळ्यात भात वाळत घालत होती. "अवो, गाडी कुठंय?"

धाऊनं सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, कारण रडू येण्यापेक्षा रागावणं त्याला सोपं जायचं. "तुझ्या गोमूत्रानं खाल्ला पत्रा! बाटल्याच्या बाटल्या ओतल्यास!"

"आणि तुमचं गोणपाट? त्यानं काय पुण्य केलं? सगळं पाणी धरून ठेवलं त्यानंच! आणि वरनं रंग फासणारे तुमीच!" हौसा काही ऐकून घेणारी नव्हती. मग मात्र हातातलं भात खाली टाकून ती तिथंच बसली. "म्हंजे आपल्याच हातानं झालं म्हणायचं. चांगलं करायला गेलो आणि त्या बायांना..."

तिनं पदर डोळ्यांना लावला. धाऊचा राग कुठल्या कुठे गेला. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "कुणाला काय झालं नाय ना हौसा? देवानं राखलं. आता कापतोय तो. जाऊ दे, रडू नको गो." असं म्हणताना त्याचेच डोळे भरले होते. दारात उभी राहून पूजा दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, मी थांबते की तुमच्या गाडीसाठी. बाळाला सांगून ठेवते."

पण बाळ कुणाचं ऐकतंय? तेही पडलं याच घराच्या वळणाचं. गाडी जाऊन आठवडा उलटला नाही तोच एका दुपारी, ऊन मस्त पडलेलं, पूजानं ओसरीवरून हाक मारली, "आई गो!" त्या हाकेनं हौसा खळ्यातून धावली. धाऊही धावला, पण तो धावला तो गाडी उभी असायची तिकडे. पायांना सवय ती. अंगणाच्या त्या कोपऱ्यात तेलाचा डाग होता, त्यावर कोंबड्या उकरत होत्या, आणि धाऊ खिशात किल्ली चाचपत उभा होता. अख्ख्या गावाला दवाखान्यात नेणारा माणूस, आणि त्याच्याच लेकीच्या वेळेला त्याच्याकडे चाक नाही.

फोन काढून तो रुग्णवाहिकेचा नंबर दाबत होता, एवढ्यात हॉर्न वाजला आणि भाविकची गाडी अंगणात येऊन थांबली. मागून बाईजा उतरली.

"तू कसा आलास रे?" धाऊला काही कळेना.

"मामीनं सकाळीच फोन केला, पूजाची कंबर दुखतेय म्हणून," भाविक म्हणाला. मामी म्हणजे हौसा. ती पूजाला धरून आणत होती, तिथूनच ती म्हणाली, "तुमी मुरबाडवरनं गाडीबिगर आलात त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं त्याला. तवापासनं पोरगा लांबचं भाडं घेत नाय. शहापूरच्या पुढं गेलाच नाय तो."

धाऊनं भाविककडे बघितलं. भाविक उगाच काच पुसायला लागला.

पूजाला मागे बसवली. बाईजानं आपल्या पिशवीतून गोणपाट काढलं, कोरडं, धुतलेलं, आणि पूजाच्या पायाखाली अंथरलं. "गार लागू नये पायाला," ती धाऊला म्हणाली. "माझ्या येळंला तुमीच घातलं होतंत ना दादा." गोणपाटाबद्दल धाऊला जे आता कळलं होतं, ते बोलायची ही वेळ नव्हती.

जन्मात पहिल्यांदा तो शहापूरच्या रस्त्याला ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसला. आणि बसला तरी गाडी तोच चालवत होता. खड्डा आला की त्याचा उजवा पाय खाली रेटला जायचा.

"मामा, तिथं ब्रेक नाय," भाविक म्हणाला.

"ठाऊक हाय! तू पुढं बघ!"

मागे पूजा कण्हत होती, हौसा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. चिंचेचं वळण आलं. धाऊचा हात आपसूक पुढे सरकला आणि रिकामा परत आला. आज हॉर्न त्याच्या हातात नव्हता. आणि तेवढ्यात भाविकनं मोरीवर गाडी घेता घेता एकदाच हॉर्न वाजवला. रस्ता रिकामा होता.

"का वाजवलास?" धाऊनं विचारलं.

"तुमी वाजवता ना, म्हणून. इथं सगळेच ड्रायव्हर वाजवतात मामा. काहीतरी देवाचं असंल म्हणून वाजवतात."

धाऊनं तोंड खिडकीकडे वळवलं. दवाखाना येईपर्यंत त्यानं ते परत पुढे केलं नाही.

संध्याकाळी मुलगी झाली. पूजा सुखरूप, बाळ सुखरूप. बातमी ऐकून धाऊ दवाखान्याच्या कट्ट्यावर बसला आणि लोक बघताहेत याची पर्वा न करता पोटभर रडला. मग त्यानं नाक पुसलं आणि साईनाथला फोन लावला. "आजा झालो रे! गाडी किती कापलीस?"

गाडी बरीच कापावी लागली होती. पण साईनाथनं रात्रीचा दिवस करून तळाचा नवा पत्रा बसवला होता, सीटचे बोल्ट नव्या लोखंडात पक्के झाले होते, वर गंज अडवणाऱ्या तांबड्या रेड ऑक्साईडचा हात फिरला होता. राहिला होता तो फक्त रंग. "रंग राहू दे," धाऊ म्हणाला. "तसाच घेऊन येतो."

पूजाला घरी सोडायच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात व्हॅन आली, ती बघून हौसानं कपाळाला हात लावला. कुठं जुना पोपटी, कुठं आकाशी, खालून सगळी तांबडी ठिगळं. "नातीला अशा गाडीतनं न्यायची? देवीचा आजार झाल्यासारखी दिसतेय!"

"दिसू दे. पत्रा कुठनं कुठं नवा हाय ते मला दिसतंय," धाऊ म्हणाला. त्यानं दार उघडून मूठ वळून तळ ठोकला. टण्ण वाजलं. ठोकून झालं, तरी त्यानं आणखी एकदा ठोकला, उगाच, ऐकायला बरं वाटलं म्हणून. मग बाईजाचं गोणपाट काढून पूजाच्या पायाखाली घातलं. "घरी गेलं की हे मी उन्हात टाकणार," त्यानं हौसाला बजावलं. "आणि तू बाटली घेऊन आलीस तर याद राख."

"उंबऱ्यावर शिंपडीन, पोरीवर शिंपडीन. तुमच्या गाडीला हात नाय लावायची," हौसा म्हणाली आणि नातीला पदरात घेऊन बसली.

गाडी निघाली. पूजाचे डोळे मिटत होते, बाळ तर कधीच झोपलं होतं. धाऊ इतका सावकाश चालवत होता की मागून सायकली पुढे गेल्या. चिंचेचं वळण जवळ आलं. सवयीनं त्याचा अंगठा हॉर्नवर गेला आणि तिथंच थांबला. आरशात त्यानं बाळाकडे बघितलं. एवढंसं तोंड, मूठ गालाशी घेतलेली. जागं होईल, रडेल. आज राहू दे म्हणून त्यानं अंगठा काढला.

"अवो," मागून हौसा म्हणाली. "वाजवा की."

धाऊनं दचकून आरशात बघितलं. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. हौसा खिडकीतून मोरीकडे बघत होती.

"उठंल ती," धाऊ कसाबसा म्हणाला.

"उठू दे," हौसा म्हणाली. "तिच्या मामाला कळू दे, भाची आली."

धाऊनं हॉर्न वाजवला. बाळ दचकून जागं झालं आणि ठणाणा रडायला लागलं, आणि ते रडणं ऐकत गाडी मोरीवरून पलीकडे गेली.